ज्ञानतंतूचे कर्म : सस्तन प्राण्यांच्या नेत्रतंत्रिकांतील पेप्टाइडे

१

इंग्रजीतील 'नर्व्ह' या शब्दासाठी भारतीय भाषांनी स्वीकारलेले प्रतिशब्द एकत्र ठेवून पाहिले, म्हणजे त्यांमागील कल्पनाचित्रांची विविधता नजरेत भरते. मराठीत 'मज्जातंतू' हा शब्द सर्वाधिक रुळलेला आहे. मराठी विश्वकोशाने 'तंत्रिका' हा शब्द पसंत केला. शालेय पाठ्यपुस्तकांनी 'चेता' स्वीकारला. बंगालीत 'स्नायु' म्हणजे नर्व्ह, परंतु तोच शब्द मराठीत व गुजरातीत मांसपेशीचा वाचक झाला आहे. तमिळमधील 'नरम्बु' या शब्दात शीर, नस आणि तंतुवाद्याची तार असे अर्थ एकत्र नांदतात. आपल्याकडील 'तंत्रिका' या शब्दाचा सगोत्र 'तंत्री' हाही वीणेच्या तारेचा वाचक आहे, आणि ज्या ग्रीक शब्दापासून युरोपीय भाषांनी आपली संज्ञा घेतली त्याचाही मूळ अर्थ शरीरातील बळकट दोरी, धनुष्याची प्रत्यंचा असाच आहे. आपल्या बोलीत तर 'नस दबली', 'शीर ताणली' असे म्हणताना रक्तवाहिनी व तंत्रिका यांत आपण भेद करीत नाही.

या सर्वांत गुजरातीतील 'ज्ञानतंतु' हा शब्द अर्थाच्या दृष्टीने सर्वांत पारदर्शक आहे. जुन्या मराठी लेखनातही तो आढळतो. ज्ञान वाहून नेणारा तंतू, अशी त्याची सरळ फोड आहे. बाहेरच्या जगाची वार्ता आत पोहोचविणे हे त्याचे कार्य, हे चित्र या शब्दात गृहीत धरलेले आहे. शास्त्रीय परिभाषेतही 'संवेदी' व 'प्रेरक' किंवा 'अभिवाही' व 'अपवाही' या जोड्यांनी हेच चित्र निश्चित केले: एक जात वार्ता आत आणणारी, दुसरी आज्ञा बाहेर नेणारी.

प्रस्तुत लेखाचा विषय असा की, सस्तन प्राण्यांच्या डोळ्याला पुरवठा करणाऱ्या तंत्रिकांच्या अभ्यासाने, विशेषतः त्यांत आढळलेल्या पेप्टाइड नावाच्या द्रव्यांच्या अभ्यासाने, हे चित्र अपुरे असल्याचे दाखवून दिले आहे. जिला आपण ज्ञानतंतू म्हणतो ती तंत्रिका कर्मही करते. हे कर्म थांबले तर डोळा नुसता बधिर होत नाही, तो झिजू लागतो. हा शोध कसा लागला व त्याचा आपल्या परिभाषेशी काय संबंध आहे, हे क्रमाने पाहू.

२

प्रथम डोळ्याच्या तंत्रिकांची स्थूल मांडणी ध्यानात घेतली पाहिजे. डोळ्याची तंत्रिका म्हटले की दृष्टीची वार्ता मेंदूकडे नेणारी दृक्तंत्रिका आठवते. तिचा येथे विचार नाही. तिच्याखेरीज तीन प्रकारच्या तंत्रिका नेत्रगोलात शिरतात आणि त्याची देखभाल करतात.

पहिली त्रिशाखी तंत्रिका, म्हणजे मस्तिष्कातून निघणारी पाचवी तंत्रिका. चेहऱ्याच्या त्वचेला, दातांना व डोळ्याला स्पर्श, उष्णता व वेदना यांची जाणीव देणे हे तिचे मान्य कार्य. तिच्या पेशींची शरीरे कवटीच्या तळाशी एका गुच्छिकेत वसलेली असतात. प्रत्येक पेशीतून निघालेला तंतू दुभागतो. एक फाटा डोळ्याकडे व दुसरा मेंदूच्या देठाकडे जातो. डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक भागात, म्हणजे स्वच्छमंडलात, या तंतूंची दाटी विलक्षण असते. त्वचेच्या तुलनेत ती तीनशे ते सहाशे पट असल्याचा अंदाज करण्यात आला आहे. डोळ्यात गेलेला बारीकसा कण असह्य का होतो, याचे उत्तर या दाटीत आहे.

दुसऱ्या परानुकंपी तंत्रिका. त्यांचे दोन मार्ग आहेत. तिसऱ्या मस्तिष्क तंत्रिकेतून आलेले तंतू बाहुली आकुंचित करतात व भिंगाचे समायोजन घडवितात. सातव्या, म्हणजे चेहऱ्याच्या तंत्रिकेतून आलेले तंतू नाकामागील एका गुच्छिकेत थांबा घेऊन अश्रुग्रंथीकडे आणि डोळ्याच्या मागील रक्तवाहिन्यांनी भरलेल्या थराकडे, म्हणजे रंजितपटलाकडे जातात. तिसऱ्या अनुकंपी तंत्रिका. या मानेतील वरच्या गुच्छिकेतून येतात, बाहुली विस्फारतात व रक्तवाहिन्या आवळतात.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या मांडणीचे रसायन सोपे वाटत होते. परानुकंपी तंतूंच्या टोकाशी ॲसिटिलकोलीन स्रवते, अनुकंपी तंतूंच्या टोकाशी नॉरॲड्रेनॅलिन. ही द्रव्ये आकाराने लहान असून तंतूच्या टोकाशीच पुन्हा पुन्हा तयार होतात. संवेदी तंतूच्या डोळ्यातील टोकाशी काही स्रवत असेल, असे मानण्याचे कारणच नव्हते. वार्ता आणणाऱ्याने वाटेत काही वाटीत जावे, ही कल्पना त्या चौकटीत बसत नव्हती.

३

पेप्टाइड म्हणजे ॲमिनो अम्लांची आखूड साखळी. साखळी पुरेशी लांब झाली की तिला आपण प्रथिन म्हणतो. तंत्रिकांशी संबंधित असे पहिले पेप्टाइड ज्या तऱ्हेने सापडले ती हकीकत बोधप्रद आहे. १९३१ साली लंडनमध्ये हेन्री डेल यांच्या प्रयोगशाळेत उल्फ फॉन ऑइलर व जॉन गॅडम हे दोघे ॲसिटिलकोलीनच्या शोधात होते. घोड्याचे आतडे व मेंदू यांपासून काढलेल्या अर्कात त्यांना एक निराळेच द्रव्य आढळले. ते रक्तदाब उतरवीत होते आणि आतडे आकुंचित करीत होते. पण ॲसिटिलकोलीनची क्रिया रोखणारे ॲट्रोपिन त्याला रोखू शकत नव्हते. भुकटीच्या रूपात जपलेल्या या अर्काला नोंदीपुरते 'पी' हे अक्षर लावले गेले, आणि तेच पुढे कायमचे नाव झाले : पदार्थ पी.

या पदार्थाची घटना कळण्यास चाळीस वर्षे लागली. अमेरिकेत सुसान लीमन या गाईगुरांच्या मेंदूतील एका भागापासून पियूषिका ग्रंथीला उद्दीपित करणारे द्रव्य शोधीत होत्या. त्यांच्या हाती जे लागले त्यामुळे उंदरांच्या तोंडाला मात्र लाळ सुटली. १९७० साली ते शुद्ध रूपात मिळाले, तो पदार्थ पी असल्याचे स्पष्ट झाले, आणि १९७१ साली त्यातील ११ ॲमिनो अम्लांचा क्रम निश्चित झाला. क्रम कळला म्हणजे ते द्रव्य कृत्रिम रीतीने तयार करता येते. तयार करता आले म्हणजे त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे मिळविता येतात. आणि त्या प्रतिपिंडांना चकाकणारा रंग जोडला म्हणजे ऊतीच्या पातळ कापात ते द्रव्य नेमके कोठे आहे हे सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्यांनी पाहता येते. १९७५च्या सुमारास स्वीडनमधील टोमास ह्योकफेल्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी संवेदी तंत्रिकापेशींत पदार्थ पी असल्याचे या पद्धतीने दाखविले. त्यानंतरच्या दशकात परितारिका, म्हणजे बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा, आणि स्वच्छमंडल यांतील त्रिशाखी तंतूंतही तो आढळला.

येथे एक भेद सांगितला पाहिजे. ॲसिटिलकोलीनसारखी द्रव्ये तंतूच्या टोकाशी तयार होतात. पेप्टाइडे मात्र पेशीच्या शरीरातच घडतात, तेथे पुटिकांत भरली जातात आणि तंतूमधून दूरवर वाहून नेली जातात. संवेदी पेशीचा तंतू दोन दिशांना जात असल्यामुळे हा माल दोन्हीकडे रवाना होतो, आणि त्याचा मोठा भाग मेंदूकडे न जाता बाहेरच्या टोकाकडे जातो. जी पेशी केवळ वार्ता आत नेण्यासाठी असेल, तिने आपली बहुतेक शिदोरी बाहेर का पाठवावी? या प्रश्नाचे बीज प्रत्यक्षात दीडशे वर्षांपूर्वीच पेरले गेले होते.

४

१८२४ साली फ्रान्समध्ये फ्रान्स्वा माझांदी यांनी सशाची त्रिशाखी तंत्रिका छेदली, तेव्हा त्या बाजूचे स्वच्छमंडल गढूळ होऊन त्यावर व्रण झाला. तंत्रिका डोळ्याला केवळ जाणीव नव्हे तर पोषणही देते, असा अर्थ यातून काढता येत होता. पण १८५७ मध्ये हॉलंडमधील हेर्मान स्नेलेन यांनी एक साधा आक्षेप प्रयोगाने मांडला. त्यांनी तंत्रिका छेदलेल्या सशाचा कान त्याच्या डोळ्यावर ओढून शिवून टाकला. डोळा झाकला गेल्याने व्रण टळला. तेव्हा बधिर डोळ्याला इजा कळत नाही, म्हणून तो बिघडतो, एवढेच सत्य आहे, असे म्हणणाऱ्यांचे पारडे जड झाले. ज्ञानतंतू ज्ञानच देतो, ही कल्पना सुरक्षित राहिली.

परंतु विसंगत पुरावा साठत होता. १९०१ साली विल्यम बेलिस यांनी दाखविले की, संवेदी तंत्रिका उलट्या दिशेने उद्दीपित केली असता त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात. १९१०च्या सुमारास निनियन ब्रूस यांनी डोळ्याच्या बाह्य आवरणावर मोहरीच्या तेलाचा प्रयोग केला. डोळा लाल होऊन सुजत असे. संवेदी तंत्रिका नुकतीच छेदली असेल तरीही तो सुजे. पण छेदानंतर काही दिवस जाऊन तिचे तंतू पार नष्ट झाल्यावर मात्र सूज येत नसे. याचा अर्थ स्पष्ट होता. सुजेला मेंदूची आज्ञा लागत नव्हती. तंतूचे जिवंत टोक तेवढे लागत होते. एका शाखेतून निघालेला आवेग दुभाग्यापर्यंत जाऊन दुसऱ्या शाखेतून परत फिरतो व तेथे काहीतरी मुक्त करतो, अशी कल्पना पुढे आली. १९३५ साली डेल यांनी सुचविले की, संवेदी तंतूच्या बाहेरच्या टोकाशी सुटणारे द्रव्य ओळखता आले, तर आतल्या टोकाशी काय सुटते त्याचाही सुगावा लागेल. ऑस्ट्रियाच्या फ्रेड लेंबेक यांनी १९५३ मध्ये हे द्रव्य पदार्थ पी असावे, असे अनुमान मांडले.

डोळ्याच्या बाबतीत कोडे असे होते. सशाच्या परितारिकेला इजा झाली वा त्याची त्रिशाखी तंत्रिका उद्दीपित केली, तर बाहुली टिंबाएवढी लहान होई, आणि ॲट्रोपिन घातले तरी ती मोठी होत नसे. शिवाय डोळ्यातील निर्मळ द्रवात रक्तातील प्रथिने उतरून तो गढूळ होई. १९५०च्या दशकात ॲम्बाश यांनी परितारिकेच्या अर्कातून 'इरिन' नावाचे द्रव्य मिळविले. त्याचा क्रियाशील अंश नंतर प्रोस्टाग्लँडिन गटातील निघाला. परंतु तेवढ्याने सर्व उलगडा होईना. १९७९ साली स्वीडनमधील उप्साला येथील आंदेश बिल, योहान शेर्नशांत्स व सहकाऱ्यांनी दाखविले की, सशाची त्रिशाखी तंत्रिका उद्दीपित केली असता डोळ्यात पदार्थ पी मुक्त होतो, आणि हाच पदार्थ थेट डोळ्यात सोडला तर बाहुली आकुंचन पावते. वार्ताहराच्या झोळीत काय होते, ते आता दिसले.

हंगेरीतील सेगेद येथे मिक्लोश यांचो यांनी याच प्रश्नाकडे दुसऱ्या बाजूने पाहिले होते. मिरची डोळ्यांना का झोंबते हे आपल्या स्वयंपाकघरात कोणाला विचारावे लागत नाही. मिरचीतील तिखट द्रव्य, कॅप्सेसिन, प्राण्यांच्या डोळ्यात वारंवार घातले असता काही काळाने ते झोंबेनासे होते, असे यांचो यांना आढळले. असा डोळा साधा स्पर्श ओळखतो, पापणी मिटतो. पण रासायनिक दाहाची त्याला दाद नसते, आणि मोहरीच्या तेलाने तो सुजतही नाही. वेदना व सूज दोन्ही एकदम नाहीशा होतात. यांचो यांच्या निधनानंतर १९६७ साली हे काम त्यांच्या सहकाऱ्यांसह प्रसिद्ध झाले. कॅप्सेसिन ज्या ग्राहीवर क्रिया करते तो १९९७ मध्ये डेव्हिड ज्यूलियस यांच्या प्रयोगशाळेने शोधला, आणि २०२१च्या वैद्यकाच्या नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी झाले. आज आपण म्हणू शकतो की, मिरची ज्या तंतूंना झोंबते त्यांच्यातच ही पेप्टाइडे साठविलेली असतात.

५

पदार्थ पी हा एकटा नाही. १९८२ साली अमेरिकेत असे आढळले की, कॅल्सिटोनिन हे संप्रेरक ज्या जनुकापासून घडते, त्याच जनुकापासून तंत्रिकापेशींत ३७ ॲमिनो अम्लांचे निराळेच पेप्टाइड घडते. जनुकाची प्रत काढल्यावर तिचे कोणते तुकडे ठेवावयाचे व कसे जोडावयाचे, हे निरनिराळ्या ऊतींत निरनिराळ्या तऱ्हेने ठरते. काव्यशास्त्राच्या अभ्यासकाला येथे सभंग श्लेषाची आठवण होईल. एकच अक्षरपंक्ती, पण पदच्छेद बदलला की अर्थ बदलतो. साम्य येथपर्यंतच आहे, कारण श्लेषात अक्षरे गाळली जात नाहीत, जनुकाच्या प्रतीत तुकडे गाळले जातात. या द्रव्याला कॅल्सिटोनिन जनुकसंबद्ध पेप्टाइड, संक्षेपाने सीजीआरपी, असे म्हणतात. त्रिशाखी पेशींत ते बहुधा पदार्थ पी याच्या सोबतच असते.

सशाच्या डोळ्यात या दोघांनी कामाची वाटणी करून घेतलेली दिसते. बाहुली आवळण्याचे काम मुख्यत्वे पदार्थ पी व त्याचे सगोत्र पेप्टाइड करते. रक्तवाहिन्या रुंदावणे आणि रक्त व नेत्रद्रव यांमधील बांध सैल करणे हे सीजीआरपीचे काम. दाहाची जी लक्षणे एकच घटना वाटत होती, त्यांचे कर्ते वेगवेगळे निघाले.

परानुकंपी तंतूंतही असाच शोध लागला. १९७० साली सामी सैद व व्हिक्टर मुट यांनी डुकराच्या आतड्यातून २८ ॲमिनो अम्लांचे एक पेप्टाइड वेगळे केले होते. रक्तवाहिन्यांवर क्रिया करणारे आतड्यातील पेप्टाइड अशा अर्थाच्या त्याच्या नावाची आद्याक्षरे व्हीआयपी अशी होतात. पुढे ते डोळ्याच्या रंजितपटलाकडे व अश्रुग्रंथीकडे जाणाऱ्या चेहऱ्याच्या तंत्रिकेच्या तंतूंत मुबलक सापडले. चेहऱ्याची तंत्रिका उद्दीपित केली असता रंजितपटलातील रक्तप्रवाह वाढतो व ॲट्रोपिन तो रोखू शकत नाही, याचे एक कारण त्यामुळे कळले. नंतरच्या संशोधनाने याच तंतूंतून नायट्रिक ऑक्साइडही मुक्त होतो असे दाखविले. आवेग मंद गतीने येत असतील तर त्याचा वाटा मोठा असतो. ते जलद येऊ लागले की पेप्टाइडांचा वाटा वाढतो.

अनुकंपी तंतूंत नॉरॲड्रेनॅलिनच्या सोबतीला ३६ ॲमिनो अम्लांचे 'न्यूरोपेप्टाइड वाय' आढळते. काझुहिको तातेमोतो यांनी ते १९८२ साली डुकराच्या मेंदूतून मिळविले. त्याच्या साखळीच्या दोन्ही टोकांना टायरोसीन हे ॲमिनो अम्ल आहे, आणि त्या अम्लाच्या एकाक्षरी चिन्हावरून 'वाय' हे नाव आले. ते रक्तवाहिन्या आवळते व नॉरॲड्रेनॅलिनच्या क्रियेला टिकाऊपणा देते.

सारांश, तिन्ही प्रकारच्या तंत्रिकांची ओळख आता एकेका द्रव्याने पटत नाही; ती द्रव्यांच्या समूहाने पटते. एकाच तंतूच्या टोकाशी लहान पुटिकांत जलद क्रिया करणारे द्रव्य, आणि मोठ्या पुटिकांत सावकाश पण दीर्घकाळ क्रिया करणारे पेप्टाइड, अशी सहवस्ती असते. या द्रव्यांची नावे मात्र त्यांच्या शोधाच्या अपघातांची स्मारके आहेत. आतड्याचे नाव घेऊन आलेले पेप्टाइड अश्रुग्रंथीत काम करते, आणि भुकटीचे आद्याक्षर वेदनेशी जोडले गेले आहे. नावावरून कार्य ओळखू गेल्यास फसगत निश्चित.

६

येथे एक सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. वर वर्णिलेले बहुतेक प्रयोग सशावर झाले, आणि सशाचा डोळा अशा उद्दीपनाला अतिशय तीव्र प्रतिसाद देतो. 'सस्तन प्राण्यांचा डोळा' असे एकवचनी शीर्षक देताना हा भेद झाकला जातो. पदार्थ पी याने सशाची बाहुली झपाट्याने आकुंचित होते. मनुष्य व माकड यांच्या बाबतीत त्याचा प्रभाव फार दुर्बल आहे. उलट, कोलेसिस्टोकायनिन हे पचनाशी निगडित म्हणून ज्ञात असलेले पेप्टाइड मनुष्याच्या व माकडाच्या बाहुलीचा स्नायू आकुंचित करते, असे १९९२ साली शेर्नशांत्स व बिल यांच्या गटाने दाखविले. म्हणजे वाक्यरचना तीच राहिली, पण एका जातीत एक शब्द व दुसऱ्या जातीत दुसरा शब्द त्या जागी आला.

औषधांच्या इतिहासातही असाच धडा मिळाला. पदार्थ पी वेदनेशी संबंधित आहे, तेव्हा त्याला अडविले की वेदना थांबेल, अशा अपेक्षेने १९९०च्या दशकात अनेक औषधे तपासली गेली. वेदनाशामक म्हणून ती माणसांत निष्प्रभ ठरली. त्यांतील एक गट मात्र कर्करोगावरील औषधांमुळे होणाऱ्या उलट्यांवर गुणकारी ठरला व २००३ पासून वापरात आला. याउलट सीजीआरपीला अडविणारी औषधे अर्धशिशीवर उपयुक्त ठरली. त्यांपैकी पहिल्या प्रतिपिंडाला २०१८ साली मान्यता मिळाली. अर्धशिशीच्या वेदनेचा मार्ग त्याच त्रिशाखी तंत्रिकेतून जातो, ही गोष्ट येथे लक्षात घेण्याजोगी आहे.

७

आता माझांदी व स्नेलेन यांच्या वादाकडे परत येऊ. स्नेलेन यांचे म्हणणे खोटे नव्हते. झाकलेला डोळा अधिक सुरक्षित राहतो, आणि आजही अशा डोळ्याच्या पापण्या अंशतः शिवून टाकणे हा उपचारांपैकी एक आहे. पण ते अपुरे होते. स्वच्छमंडलाच्या पृष्ठभागावरील पेशी सतत झडत असतात व नव्या पेशी त्यांची जागा घेत असतात. हे काम सुरळीत चालण्यासाठी तंतूंच्या टोकांतून मिळणाऱ्या द्रव्यांची गरज असते. जपानमधील तेरुओ निशिदा व सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात दाखविले की, पदार्थ पी व इन्सुलिनसदृश वृद्धिघटक ही दोन द्रव्ये एकत्र दिली असता या पेशींचे जखमेवर सरकणे वेगाने होते, एकेकट्याने तसे होत नाही. तंतू नष्ट झाले की हा पुरवठा तुटतो. इजा होते व कळत नाही, हे अर्धे सत्य आहे. झालेली इजा भरूनही येत नाही, हे उरलेले अर्धे.

हा रोग दुर्मीळ मानला जातो, तरी त्याची कारणे आपल्या परिचयाची आहेत. नागीण कपाळावर व डोळ्यावर उठली तर त्रिशाखी तंत्रिकेचे तंतू नष्ट होऊ शकतात. दीर्घकाळच्या मधुमेहात स्वच्छमंडलातील तंतू विरळ होतात. कुष्ठरोगात स्वच्छमंडलाची जाणीव जाते, आणि त्याच वेळी चेहऱ्याची तंत्रिका दुबळी झाल्याने पापणीही पुरती मिटत नाही. म्हणजे जाणीव, पोषण व झाकण या तिन्ही संरक्षणांना एकदम बाध येतो. अशा रोग्याचा डोळा लाल असतो, नजर मंदावलेली असते, पण तो दुखत नाही. 'दुखत नाही, म्हणजे फारसे काही नसावे' हा व्यवहारातला तर्क त्याला दवाखान्यापासून दूर ठेवतो.

उपचारांची दिशाही आता बदलली आहे. तंत्रिकांच्या वाढीस कारण होणाऱ्या प्रथिनाच्या शोधाबद्दल रीता लेव्ही-मोन्ताल्चिनी यांना १९८६ साली नोबेल पारितोषिक विभागून मिळाले होते. त्याच प्रथिनाचे कृत्रिम रीतीने घडविलेले रूप डोळ्यात घालावयाचे थेंब म्हणून २०१७ साली युरोपात व २०१८ साली अमेरिकेत या रोगासाठी मान्य झाले. हे प्रथिन पेप्टाइडांच्या वर्गात मोडत नाही. पण बधिर डोळ्याला केवळ झाकण्याऐवजी त्याचे तुटलेले पोषण पुन्हा जोडावे, हा विचार त्यामागे आहे.

८

शेवटी परिभाषेचा प्रश्न. सांख्यांनी ज्ञानेंद्रिये व कर्मेंद्रिये असा भेद केला, आणि मनाला मात्र उभयात्मक म्हटले. आधुनिक शरीरशास्त्राचे बीज प्राचीन दर्शनात शोधण्याचा मोह येथे टाळला पाहिजे. सांख्यांसमोर तंत्रिकांचा प्रश्नच नव्हता. तरी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. द्विभाजन करताना जे दोन्हीकडे बसते त्यासाठी त्यांनी तिसरी जागा मोकळी ठेवली. आपल्या संवेदी–प्रेरक या जोडीत अशी जागा नाही. युरोपीय परिभाषेतही ती नव्हती, आणि आपण ती परिभाषा जशीच्या तशी उचलली.

प्रस्तुत लेखकाचे मत असे की, 'तंत्रिका' हा शब्द सर्वसाधारण नाव म्हणून सोयीचा आहे. तारेचे चित्र त्यात आहे, पण ती तार कोणत्या दिशेने काम करते याबद्दल तो मौन पाळतो. 'संवेदी' हा शब्द ठेवावा, परंतु तंत्रिकेच्या जातीचे नाव म्हणून नव्हे, तर तिच्या अनेक कार्यांपैकी एका कार्याचे विशेषण म्हणून. ज्या तंतूंचे दुहेरी कार्य सिद्ध झाले आहे, त्यांना 'उभयकर्मी' म्हणण्यास हरकत नसावी. 'ज्ञानतंतू' हा शब्द सुंदर आहे; पण आरोग्यविषयक पाठांत, भित्तिपत्रकांत, परिचारिकांच्या पुस्तिकांत तो एकटा वापरला, तर वाचकाच्या मनात असे ठसते की तो तुटल्यास फक्त वार्ता थांबते.

प्रत्यक्षात डॉक्टर कापसाच्या बारीक वातीने स्वच्छमंडलाला स्पर्श करतो, पापणी हलत नाही, आणि रोगी म्हणतो, काही जाणवत नाही. या परीक्षेत जाणिवेचा अभाव दिसतो. त्याच टोकाशी न दिसणारा दुसरा अभावही असतो, आणि डोळा वाचणार की जाणार हे पुष्कळदा त्यावर ठरते. आपल्या भाषांतील शब्दांनी तो अभाव झाकू नये, एवढीच या विवेचनामागील अपेक्षा आहे.